सर्व्हे झाला, आता भाव पुन्हा बोलायचा? धामापूरसारख्या गावात घर घेताना नेमकं काय होतं

कोकणात 'सर्व्हे झाला काय?' असं कुणी विचारलं, तर उत्तरात भिंतीला गेलेली चीर येत नाही. उत्तर येतं ते मोजणीचं, सर्व्हे नंबरचं, हिश्श्याचं आणि शेजाऱ्याच्या गडग्याचं.

इंग्लंडमध्ये घर घेताना 'सर्व्हे' म्हणजे घराची तब्येत तपासणं. मालवण तालुक्यातल्या धामापुरात 'सर्व्हे' म्हणजे घराखालच्या जमिनीची तब्येत तपासणं. जुनं घर घेणाऱ्याला दोन्ही कराव्या लागतात. दोन्हींत काहीतरी सापडतंच. आणि मग तो अवघड प्रश्न येतो: शब्द दिलाय, इसार दिलाय, आता भाव कमी करायला सांगायचं कसं? कायद्याने सांगता येतं का? आणि समोरच्याने नाही म्हटलं तर इसाराचे पैसे गेले का?

कुडाळहून मालवणकडे जाताना नेरूरपारचा पूल ओलांडला की धामापूर जवळ येतं. गावाची ओळख तलावाची. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेला हा तलाव आणि त्याच्या काठावरचं भगवती मंदिर. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. मुंबई-पुण्याचं कुटुंब रील बघून इथे जुनं कौलारू घर शोधत येतं, यात आता नवल राहिलेलं नाही. मात्र रीलमध्ये वासे दिसत नाहीत आणि सातबाराही दिसत नाही.

एक उदाहरण धरू

पुढची माणसं आणि आकडे काल्पनिक आहेत, पण अडचणी रोजच्या आहेत.

डोंबिवलीचं एक जोडपं मे महिन्यात घर पाहायला येतं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे सारवलेलं खळं, मागे विहीर आणि १२ गुंठे जागा. जागेचा बिनशेती आदेश झालेला आहे. (कोकणात हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, त्याबद्दल पुढे.) ४० लाखांना बोलणं होतं. २ लाख इसार म्हणून दिले जातात, साध्या पावतीवर. साठेखत दोन महिन्यांनी करायचं ठरतं.

या दोन महिन्यांत तीन गोष्टी होतात. गावातला सुतार छपरावर चढतो आणि सांगतो की निम्मे वासे वाळवीने पोकळ केलेत. कुडाळहून आलेला इंजिनिअर मागच्या बाजूला नव्याने बांधलेल्या न्हाणीघराच्या स्लॅबवर हातोडी मारतो, तर प्लास्टरचा पापुद्रा गळून आतली गंजलेली सळी दिसते. वरून नुकताच चुना मारलेला होता. तिसरी गोष्ट म्हणजे मोजणी. जागा १२ गुंठे नाही, प्रत्यक्ष ताब्यात साडेदहाच आहे. शिवाय विहिरीचा अर्धा काठ शेजाऱ्याच्या हिश्श्यात जातो.

आता मालकाचं उत्तरही ऐकून ठेवायला हवं, कारण ते अगदीच चुकीचं नसतं: "ह्या घरान पन्नास पावसाळे काढल्यान, काय एक झाला नाय."

घराची तपासणी म्हणजे काय पाहायचं?

सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि सोडतो. जुन्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जात बांधलेल्या असतात, त्यांना श्वास घेता येतो. त्यावर अलीकडे कुणी सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ओल आत कोंडते, आणि ती वर चढत लाकडाच्या टोकांपर्यंत जाते. म्हणून 'नुकतंच रिनोव्हेशन केलंय' हे वाक्य ऐकल्यावर खूश होण्याऐवजी जरा जास्त खोलात जावं.

सिमेंट-सळईच्या बांधकामाची गोष्ट वेगळी. समुद्राजवळच्या हवेत क्षार असतात. काँक्रीटमध्ये खाडीची किंवा समुद्राची वाळू नीट न धुता वापरली असेल तर तेच क्षार आतूनही येतात. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको, आणि तीव्र हवामानाच्या पट्ट्यात सळईवर किमान ४५ मिलिमीटरचं आवरण हवं. गावातल्या न्हाणीघराची स्लॅब टाकताना हे कुणी मोजलेलं नसतं. मालवणकरांना गंजाची ताकद वेगळी सांगायला नको. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने त्याच्या नट-बोल्टना गंज चढल्याकडे पत्राने लक्ष वेधलं होतं.

महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक असतं. ग्रामपंचायत हद्दीतल्या घराला तसं काही लागत नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो, पण तो बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्याला पाहायचं असतं. छप्पर पुढच्या पावसात टिकेल का, हा त्याचा प्रश्न नाही.

आणि महिन्याचाही फरक पडतो. चाकरमानी मे महिन्यात येतात, म्हणून घरं मे महिन्यात दाखवली जातात. विहीर पाहायला मे उत्तम, कारण पाणी तेव्हाच तळाला गेलेलं असतं. पण छप्पर, भिंतीची ओल आणि खळ्यातून वाहणारं पाणी मे महिन्यात दिसत नाही. त्यासाठी जुलैत एक फेरी मारायला हवी. मे २०२१ मध्ये आलेल्या तौक्ते वादळानंतर घाईघाईत शाकारलेली अनेक छप्परं किनाऱ्यावर आहेत, तीही उन्हात ठीकच दिसतात.

आणि जमिनीची?

इथे खरी गंमत सुरू होते. (गंमत घेणाऱ्याला वाटत नाही.)

मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा असतो आणि तो जमिनीच्या धारकाने करायचा असतो, खरेदीदाराने नाही. म्हणजे पहिल्याच पावलाला विकणाऱ्याची तयारी लागते. मग लगतच्या धारकांना नोटीस जाते, मोजणीदार येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर 'क' प्रत नकाशा मिळतो. विकणारा मोजणीला टाळाटाळ करत असेल, तर ते उत्तरच समजावं.

'घराचा उतारा आहे ना' हे इथलं आवडतं वाक्य. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, फक्त कर कोण भरतो ते कळतं. सातबाराही महसुली नोंद आहे. ती खरी आहे असं कायदा गृहीत धरतो, पण उलट पुरावा आला तर ती नोंद टिकत नाही.

देशभरात गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक देण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने मोजणी झाली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त पत्रकं वाटली गेली, त्यात महाराष्ट्रही होता. पण कोकणातलं गाव देशावरच्या गावासारखं एका जागी दाटलेलं नसतं. ते वाड्यांमध्ये विखुरलेलं असतं, आणि कित्येक घरं गावठाणाबाहेर, शेतीच्याच सातबाऱ्यावर उभी असतात. ड्रोनची योजना गावठाणापुरती, त्यामुळे अशा घरांचा प्रश्न तसाच राहतो.

कायदा काय म्हणतो?

मुख्य कायदा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५ नुसार, मालमत्तेत किंवा मालकी हक्कात महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, खरेदीदाराला माहीत नसेल आणि सामान्य काळजी घेऊनही तो त्याला कळण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर हे लागू होतं.

यातला प्रत्येक शब्द उदाहरणातल्या घराला लावून बघू.

वासे. छप्पर उघडं आहे, माजघरात उभं राहून वर पाहिलं तरी वाळवीची वाट दिसते. शिडी लावून काठीने ठोकलं असतं तर कळलं असतं. इथे खरेदीदाराची बाजू कमजोर आहे.

स्लॅब. गंजलेल्या जागेवर प्लास्टर आणि वर ताजा चुना. मालकाने तो नेमका झाकण्यासाठीच मारला असेल तर बाजू उलटते. पण हे सिद्ध करावं लागतं. दरवर्षी गणपतीआधी चुना मारणाऱ्या घरात ते सोपं नाही.

जमीन. १२ गुंठे म्हणून भाव ठरला आणि साडेदहा निघाले. इथे लपवलं की नाही हा वाद घालायचीही गरज नाही. जे द्यायचं ठरलं ते मालकाकडे नाहीच.

करारात बऱ्याचदा 'आहे त्या स्थितीत' असे शब्द घातलेले असतात. ते दिसणाऱ्या दोषांपुरते उपयोगी पडतात. माहीत असलेला दोष दडवून ठेवायचा परवाना त्यातून मिळत नाही. साधारण दीड दशकापूर्वी हरियाणा वित्त महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर असाच मुद्दा होता. महामंडळाने लिलावात मालमत्ता विकली, पण तिथे जायला स्वतंत्र रस्ता नाही हे सांगितलं नाही. खरेदीदाराने पुढचे पैसे थांबवले, महामंडळाने आधीची रक्कम जप्त केली. न्यायालयाने कलम ५५ चा आधार घेत ही जप्ती चुकीची ठरवली. पाणंद, पायवाट, गाडीरस्ता यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या कोकणात हा निकाल जरा जास्तच कामाचा आहे.

इसार बुडतो का?

खरेदीदार उगीच मागे फिरला तर बुडू शकतो. इसार हा शब्द पाळण्याचा तारण असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केलंय. मात्र जप्त होऊ शकते ती वाजवी रक्कम. 'इसार' या नावाखाली निम्मी किंमत घेतली असेल तर सगळी गिळता येत नाही. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की, करार कुणी मोडला आणि त्यामुळे काही नुकसान झालं का, हे पाहावंच लागतं.

उलट बाजूला, खरेदीदाराने योग्य कारणाने ताबा नाकारला असेल तर दिलेल्या रकमेसाठी आणि इसारासाठीही त्याचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो. हेही कलम ५५ मध्येच आहे. वापरतं मात्र कोण? दोन लाखांसाठी मालवणच्या कोर्टात डोंबिवलीहून तारखांना येणं कुणाला परवडणार? विकणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणून कायद्यापेक्षा इसार पावतीवरची एक ओळ जास्त काम करते: 'मोजणी, शोध अहवाल आणि बांधकामाची तपासणी यांत दोष आढळल्यास किंमत पुन्हा ठरवली जाईल किंवा इसार अमुक दिवसांत परत केला जाईल.' ही ओळ पहिल्या दिवशी लिहून घेतली, तर पुढची अर्धी भांडणं होत नाहीत.

कोणत्या टप्प्यावर बोलायचं?

नोंदणीकृत साठेखताआधी. यात दुमत नको.

साठेखत नोंदवल्यानंतर किंमत बदलायची तर पुरवणी करार लागतो आणि तोही नोंदवावा लागतो. नोंदवलेल्या कराराच्या अटी नंतर तोंडी बदलल्या असं म्हणणं पुराव्याचा कायदा ऐकून घेत नाही. व्हॉट्सॲपवर 'ओके भाऊ, ३५ करू' आलं म्हणून निर्धास्त राहू नये. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार प्रत्यक्ष पाळायला लावणं हा न्यायालयाच्या मर्जीचा भाग राहिलेला नाही, काही अपवाद सोडले तर तोच नियम झालाय. हे दुधारी आहे. विकणारा मागे फिरला तर खरेदीदाराच्या कामाचं, आणि खरेदीदाराला नंतर पस्तावा झाला तर त्याच्याच अंगावर येणारं.

खरेदीखत झालं की भाव संपला. उरते ती फक्त नुकसानभरपाईची किंवा फसवणुकीची लढाई.

इंग्लंडमध्ये हे वेगळं आहे. तिथे किंमत ठरली तरी कराराच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, आणि तपासणी या मधल्या काळातच होते. त्यामुळे अहवाल हातात घेऊन भाव पुन्हा बोलणं तिथे शिष्टाचाराला सोडून नाही. पण याचा गैरफायदाही घेतला जातो. विकणाऱ्याने पुढचं घर बघून ठेवलेलं असतं, आणि अगदी शेवटच्या आठवड्यात खरेदीदार किंमत पाडतो. स्कॉटलंडने डिसेंबर २००८ पासून वेगळी वाट काढली. तिथे बहुतेक घरांच्या बाबतीत, घर बाजारात आणतानाच तपासणीचा अहवाल विकणाऱ्याने द्यायचा. दोष आधीच उघड असतात, भाव त्यावरूनच ठरतो.

आपल्याकडे रेरा कायद्यात नव्या इमारतींना काही संरक्षण आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा. पण एका कुटुंबाने दुसऱ्याला विकलेलं धामापूरचं जुनं घर यात येत नाही. तिथे आहे तो १८८२ चा कायदा आणि मधला मध्यस्थ. त्याचं कमिशन किमतीवर असतं, हे विसरू नये.

मग किती कमी मागायचे?

उदाहरणाकडे परत. समजा ४० लाखांत जमिनीचे २४ लाख आणि घराचे १६ लाख धरले होते. म्हणजे गुंठ्याला २ लाख. दीड गुंठा कमी, म्हणजे ३ लाख. सुताराने छपराचा अंदाज दिला अडीच लाख, इंजिनिअरने स्लॅबचा दीड लाख. एकूण ७ लाख. खरेदीदार ३३ लाखांवर येतो आणि मालक चिडतो.

खरं तर दोघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात. जमिनीचे ३ लाख पूर्ण कमी व्हायला हवेत, त्यात घासाघीस कसली? स्लॅबचे दीड लाखही पूर्ण, कारण तो दोष दिसत नव्हता. छपराचं तसं नाही. ४० लाख बोलताना घर जुनं आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि नवे वासे पडल्यावर खरेदीदाराला जुन्यापेक्षा चांगलं छप्पर मिळणार आहे. त्यातले निम्मे, सव्वा लाख, हा रास्त मेळ. बेरीज पावणेसहा लाख, नवी किंमत ३४ लाख २५ हजार. 'जुनं घर आहे, थोडं खालीवर करा' यापेक्षा असा हिशेब मांडलेला कागद समोरच्याला पटण्याची शक्यता कितीतरी जास्त. तो आपल्या भावंडांना दाखवू शकतो, हा त्याचा मोठा फायदा.

कारण विकणारा एकटा नसतो. घर वडिलांच्या नावावर, वारस सहा, त्यातले चार मुंबईत. ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा जन्मतः हक्क असल्याबद्दल शंका उरलेली नाही, त्यामुळे विरारच्या बहिणीचीही सही लागते. तिच्या दृष्टीने प्रत्येक वारसाच्या वाट्याचे जवळपास ९६ हजार गेले, आणि वासे तिने कधी पाहिलेही नाहीत. गावातल्या भावाने खरेदीदाराशी संगनमत केलं, असा तिचा संशय असू शकतो. सुताराच्या आणि इंजिनिअरच्या लेखी अंदाजाने हा संशय बराच कमी होतो.

दुरुस्ती विकणाऱ्यानेच करून द्यावी, हा दुसरा मार्ग सुचवला जातो. तो टाळलेला बरा. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातलं लाकूड वापरतो, यात त्याचा दोष काढण्यासारखंही काही नाही. त्याऐवजी भाव कमी करून घ्यावा, किंवा काही रक्कम ठरावीक काळासाठी रोखून ठेवायची लेखी अट घालावी.

सरकारी दराची तळरेषा

भाव हवा तेवढा खाली आणता येतो, पण कर त्याच्यासोबत खाली येत नाही. मुद्रांक शुल्क कराराची किंमत किंवा वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. स्लॅब गंजली म्हणून तक्ता बदलत नाही.

समजा सरकारी मूल्य ३६ लाख आहे. ३४ लाख २५ हजारांना व्यवहार झाला तर फरक पावणेदोन लाखांचा, म्हणजे १० टक्क्यांच्या आत. आयकर खातं तो सोडून देतं. पण किंमत ३२ लाखांवर आली तर फरक ४ लाखांचा होतो आणि १० टक्क्यांच्या बाहेर जातो. मग ते पूर्ण ४ लाख खरेदीदाराचं उत्पन्न धरले जाऊ शकतात, आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही ३६ लाख धरूनच मोजला जातो. सरकारी मूल्य जास्त लावलंय असं वाटलं तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. त्या वेळी इंजिनिअरचा अहवाल आणि फोटो हाताशी असलेले बरे.

काहीजण यावर 'वरचे रोख देतो' असा मार्ग काढतात. घरजमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय व्यवहार फिसकटला तर जे कागदावर आहे तेवढंच मागता येतं.

भाव कमी करूनही न सुटणारे दोष

काही दोषांवर किंमत लावता येत नाही. 'पाच लाख कमी करतो, तुमचं तुम्ही बघा' असं कुणी म्हटलं की सावध व्हावं.

पहिला, शेतजमीन. घर शेतीच्या सातबाऱ्यावर असेल आणि घेणारा शेतकरी नसेल, तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. ते भावाने सुटत नाही.

दुसरा, सामाईक घर. एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेतला, तर अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या माणसाला एकत्र ताबा मागता येत नाही. हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. वर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे, त्याने वाटपाचा दावा लावला तर कुटुंबातल्या इतरांना तो हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. म्हणजे पैसे देऊन तो वर्षानुवर्षं खळ्याबाहेरच.

तिसरा, जागेचं ठिकाण. किनारी नियमन क्षेत्राचे नियम समुद्रापुरते नाहीत, भरती-ओहोटीचं पाणी चढतं त्या खाडीकाठालाही लागतात, आणि धामापूरच्या आसपास कर्लीची खाडी आहे. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा पट्टा धरलाय. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतही संरक्षित जागेच्या पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम नको अशी अट आहे. तलावाजवळचं घर 'पाडून नवीन बांधू' या हिशेबाने घेणार असाल, तर त्या जागेला यातलं काय लागू होतं ते तहसील आणि वनविभागाकडून लेखी घ्यावं. जुनं घर उभं आहे म्हणून त्याच जागी नवं उभारता येईलच असं नाही.

राहिली विहीर. उदाहरणातल्या व्यवहारात पावणेसहा लाखांवर कदाचित दोन बैठकांत एकमत होईल. अर्धा काठ शेजाऱ्याचा, त्याचं काय? वीस वर्षं कुणाला न विचारता, उघडपणे आणि खंड न पडता पाणी काढत आल्याचं सिद्ध झालं तर वहिवाटीचा हक्क सांगता येतो, पण तो सिद्ध करायला पुन्हा कोर्ट. त्यापेक्षा शेजाऱ्याने 'दोन्ही घरांनी पाणी काढायचं, गाळ काढायचा खर्च निम्मा-निम्मा' असं लिहून द्यावं आणि ते नोंदवावं, हे सोपं. त्यासाठी ना भाव कमी करावा लागतो, ना वकिलाची नोटीस लागते. शेजारी मात्र ठाण्यात असतात आणि गणपतीलाच गावी येतात. त्यामुळे खरेदीखताची तारीखही गणपतीनंतरचीच धरावी लागते. तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि छप्पर कुठे गळतं तेही कळलेलं असतं.